पिवळ्या रेघेच्या अलीकडे

आमच्या तंत्रशाळेत सगळ्यात शहाणी कोण असेल तर एक पत्र्याची पाटी. वर्कशॉपच्या भिंतीवर, लेथ मशिनींच्या मागे लावलेली. लाल अक्षरं, एकच ओळ: पिवळ्या रेघेच्या आत बुटांशिवाय पाऊल टाकू नये.

रेघ म्हणजे जमिनीवर मारलेला पिवळ्या रंगाचा पट्टा. पलीकडे मशिनी, अलीकडे माणसं. बूट शाळेचेच, पुढे लोखंडाची वाटी असलेले, जडशीळ. आत जाताना घालायचे, सुटताना कपाटात ठेवायचे. प्राचार्य आले तरी रेघेपाशी येऊन थांबायचे. एकदा कुणीतरी बडा पाहुणा आला होता, तो बोलता बोलता पाय पुढे टाकायला गेला, तर वर्कशॉपच्या सरांनी त्याचा दंडच धरला. "साहेब, पाटी वाचा." तो पाहुणा बिचारा लाजला आणि मागे सरला. कुणी कुणाशी भांडलं नाही. लिहिलेलं होतं ना.

हे मी आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्याने माझं डोकं अजून फिरतं.

शाळा सुटल्यावर संध्याकाळी लेथ आम्हाला स्वतःच्या कामासाठी मिळायची. प्रत्येकाला एक जॉब करायचा असतो. म्हणजे लोखंडाचा दांडा घ्यायचा, त्याच्यावर पायऱ्या काढायच्या, एका टोकाला आटे पाडायचे, आणि सरांकडचा नट त्याच्यावर बोटाने फिरवला तर सरसर बसला पाहिजे. जॉब जमा केला नाही तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत. मशिनी थोड्या, पोरं ढीगभर. म्हणून पाळ्या. आणि पाळ्या कोण ठरवणार? विद्यार्थी मंडळ.

मंडळ म्हणजे सरांचं लाडकं बाळ. "आमची पोरं स्वतःचं राज्य स्वतः चालवतात," असं ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे. राज्य! राज्याला एक कागद नव्हता. अध्यक्ष कसा निवडायचा, पाळी कशी द्यायची, कशी काढायची, सगळं तोंडी. "आपल्यात असंच करतात." हे एक वाक्य म्हणजे आमची अख्खी राज्यघटना.

अध्यक्षाला आम्ही सगळे साहेब म्हणायचो. डांगरीला इस्त्री करून येणारा मी आयुष्यात पाहिलेला एकमेव माणूस. ग्रीसचा डाग पडला तर तोंड असं करायचा की कुणीतरी त्याच्या जेवणात थुंकलंय. आवाज मात्र लोण्यासारखा. कुणालाही नाही म्हणताना आधी खांद्यावर हात ठेवायचा.

आणि मला म्हणायचे भडकू. का, ते कळेलच.

झालं असं की साहेबाच्या जोडीदाराला, म्हणजे त्याच्यामागे सावलीसारखा फिरणाऱ्या पोराला, सारख्या पाळ्या मिळायला लागल्या. आज तोच, उद्या तोच. मी भर बैठकीत विचारलं, "ह्याच्या घरी लेथ नेऊन का देत नाही एकदाची? रोज यायचा त्रास तरी वाचेल." सगळे खदखदून हसले. साहेबही हसला. पण त्याचे कान लाल झाले, ते मी बघितलं.

त्यानंतरच्या दोन्ही बैठका नेमक्या माझी पाळी असताना ठेवल्या. मी मशिनीवर होते. दांडा चकच्या पकडीत आवळलेला, टूल लागलेलं, लोखंडाचा कीस उडतोय, तेव्हा मशीन सोडून बैठकीला कोण जाणार? नाही गेले.

आता मत कसं द्यायचं तेही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वर्कशॉपमध्ये मशिनींच्या आडोशाने कुणाचे हात वर आणि कुणाचे खाली, दिसत नाहीत. म्हणून फार आधीच्या कुठल्यातरी पोरांनी पद्धत पाडली होती: ज्याचा विरोध असेल त्याने पिवळी रेघ ओलांडून मशिनींच्या बाजूला जायचं. त्या दोन बैठका सोडल्या तर बैठक कायम काम सुरू व्हायच्या आधी व्हायची, सगळ्यांच्या पायात बूट असायचे, त्यामुळे कधी काही अडलं नाही.

त्या दिवशी मी माझा दांडा शेवटच्या पायरीपर्यंत आणला होता. फक्त आटे राहिले होते. बाकीच्यांचं आवरलं होतं. हात धुऊन, बूट कपाटात ठेवून, चपला घालून सगळे निघायच्या बेतात. जोडीदाराने कपाटाला कुलूप लावलं, आणि साहेबाने टाळ्या वाजवल्या.

"एक मिनिट, मंडळी. छोटीशी बैठक."

मी मशीन बंद केली. म्हटलं, आता ही काय वेळ आहे?

"वाईट वाटतंय सांगायला," साहेब म्हणाला. माझ्या खांद्यावर ठेवायला त्याचा हात पुरत नव्हता, मी रेघेच्या आत होते ना, म्हणून त्याने तो नुसताच हवेत ठेवला. "पण लागोपाठ दोन बैठका चुकवल्या की पाळी जाते. नियम आहे आपला."

"कुठला नियम?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मला नाही माहीत."

"बैठकीला आली असतीस तर कळलं असतं."

परत हसणं. ह्या वेळी त्याच्या बाजूने.

"तुझा हा जोडीदार," मी म्हटलं, "दिवाळखोरासारखा तोंड लपवून फिरत होता तेव्हा कुठे होता नियम? तो तर महिनाभर बैठकीला फिरकला नाही!"

"त्याची तब्येत बरी नव्हती."

"तब्येत? मैदानात चेंडूमागे धावत होती त्याची तब्येत!"

"बघा," साहेब बाकीच्यांकडे वळला, "हिची भाषा बघा. मी एकटा ठरवत नाही. आपण लोकशाहीने जाऊ. हिची पाळी काढायला ज्याचा विरोध आहे, त्याने रेघ ओलांडावी."

आणि तो थांबला. घड्याळ बघत.

समोर सगळे उभे होते, चपलांमध्ये. कुणी मोज्यांवर. माझा मित्र चष्मा सगळ्यात पुढे. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून चष्मा. हा माझा एकुलता एक मित्र, आटे कसे पाडायचे ते मी ह्याला तीनदा समजावून सांगितलं होतं. त्याच्या पायाची बोटं रेघेला टेकली होती. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं, आणि पाय तिथेच ठेवला.

"कुणीच नाही?" साहेब म्हणाला. "म्हणजे सगळ्यांना मान्य."

"अरे त्यांच्या पायात बूट नाहीत! कपाटाला कुलूप लावून घेतलंस तू!"

"कुलूप रोज लागतं."

"मग हात वर करून घे मत!"

"पद्धत आहे आपली. ती मी कशी मोडू?"

"मी आहे की आत! माझा विरोध आहे!"

"तुझ्याबद्दलच तर मत आहे. तुझं कसं धरणार?"

"हे कुठे लिहिलंय?"

"भडकू," तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की मला दांडाच फेकून मारावासा वाटला, "सगळं काय लिहून ठेवायचं असतं का? आपण काय परके आहोत?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, माझी तिथेच पोचली होती, पुढे जायला जागा नव्हती.

बाहेर रस्त्यावर चष्मा माझ्या मागे पळत आला. "ऐक ना. मी येणार होतो. खरंच. पण बूट नव्हते."

"मोज्यांवर यायचं."

"पाटी आहे ना."

"पाटी पाय तुटू नये म्हणून आहे! मशिनी बंद होत्या सगळ्या! काय तुटणार होतं तुझं?"

"पण लिहिलंय," तो म्हणाला, आणि मला त्याला धरून हलवावंसं वाटलं. पण तेवढ्यात मलाच एक गोष्ट डोक्यात लख्ख झाली. हा चष्मा भित्रा नाहीये. लिहिलेलं पाळायची त्याला सवय आहे. साहेबाने तेच वापरलं. जे लिहिलंय त्याने पोरांना बांधलं, आणि जे लिहिलेलं नाही ते स्वतःला हवं तसं वाकवलं. काय डोकं आहे! कामाला लावलं असतं तर जॉब तरी नीट झाला असता त्याचा.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. ते चहा पीत होते. सगळं सांगितलं. अर्ध्यात ओरडायला लागले असेन, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली.

"बघ बाळ," सर म्हणाले, "मंडळ तुमचं आहे. मी मध्ये पडलो तर ते तुमचं राहील का?"

"पण सर, नियमच नाहीयेत."

"नियम कशाला हवेत? समजूतदारपणा हवा."

"समजूतदारपणा कुणाकडे मागायचा? कपाटाच्या किल्लीकडे?"

"आवाज खाली." त्यांनी कप ठेवला. "पाळीचं मंडळ बघेल. जॉब वेळेत आला पाहिजे, एवढं मी बघेन. नाहीतर प्रात्यक्षिकाला बसता येणार नाही, हे तुला माहीत आहे."

हे मात्र त्यांना पाठ होतं. कारण हे छापलेलं होतं.

घरी आई भांडी घासत होती. आई बॅगांच्या कारखान्यात आहे, दिवसभर बॅगांना हँडल शिवते. जाड कापड सुईत ढकलून ढकलून तिच्या अंगठ्याला घट्टा पडलाय, म्हणून भांडी घासताना ती अंगठा बाजूला काढून ठेवते, पाहुण्यासारखा. मी तिला सांगितलं. ती घासत राहिली.

"माफी माग," ती म्हणाली.

"कशाची?"

"कशाची का असेना. तुला मशीन हवंय ना? दोन गोड शब्द बोल आणि घे. तुझं काय जातंय?"

"मी काही केलेलंच नाही!"

"मी तरी काय केलेलं असतं? आमची सुपरवायझरबाई सकाळी घरी भांडून आली की आम्हाला पाणी प्यायला उठू देत नाही. दुसऱ्या दिवशी हसत आली की उठू देते. आम्ही काय रोज भांडत बसतो? बघायचं तिचं तोंड आणि ठरवायचं."

"आई, रोज सकाळी उठून एका बाईचं तोंड बघायचं, आज तहान लागू द्यायची का नाही ते ठरवायला? आणि हे तू मला शिकवतेयस?"

तिने भांडं आपटलं. "मग तू शिकव मला! पास हो, मशीनवर लाग, आणि ये शिकवायला! शाळेबाहेर पडलीस तर तुझीही सुई आणि हँडल, सांगून ठेवते."

ती खोटं बोलत नव्हती. तो जॉब म्हणजे माझ्यासाठी नुसता जॉब नव्हता. तो झाला तर परीक्षा, परीक्षा झाली तर मशीन. नाही झाला तर तिच्या शेजारची खुर्ची.

म्हणून सकाळी शाळा भरायच्या आधी मी गेले. खरंच गेले, दात खाऊन, पण गेले. साहेबासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आटेच राहिलेत. एक संध्याकाळ पुरे."

तो एकदम विरघळला. "अगं हे आधी बोलायचं ना! मी काय राक्षस आहे? घे उद्याची पाळी. झालं?"

"बैठक नाही? मत नाही?"

"माझ्यावर सोड. तू आपली, मी आपला."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं. दारापर्यंत गेले, मग वळून विचारलं, "उद्या कुणाची पाळी होती?"

"चष्म्याची. त्याचं मी बघतो. तो काही बोलत नाही गं."

तो काही बोलत नाही. ह्या एका वाक्यावर माझं सगळं उलटलं. जो ओरडतो त्याला तुकडा टाकायचा, जो ओरडत नाही त्याच्या ताटातला. चष्म्याचेही आटेच राहिले होते. आणि परवा तिसऱ्या कुणाचं काढून चष्म्याला देईल, आणि आम्ही सगळे एकेक करून त्याला थँक्यू म्हणत बसू.

"नको," मी म्हटलं.

"काय नको?"

"तुझी मेहेरबानी. माझी पाळी माझी आहे म्हणून दे. लिहून दे. पाळी कशाने मिळते, कशाने जाते, मत कसं घ्यायचं. सगळ्यांसमोर लिहू."

"लिहू लिहू. पुढच्या वर्षी बघू."

"आत्ता."

"तुझं काम होतंय ना? मग दुसऱ्यांची चिंता तुला कशाला?" आता लोणी वितळलं होतं, खालचं भांडं दिसायला लागलं. "फुकट मोठेपणा करू नकोस. जॉबशिवाय राहशील."

मशिनींच्या जाळ्यांना मारायचा लाल रंग स्टोअरमध्ये असतो. मी डबा उचलला, ब्रश उचलला, बूट घातले, आणि पाटीच्या खाली, भिंतीवर, हातभर अक्षरात लिहायला लागले. शाळा भरायची वेळ होती, पोरं येत होती, रेघेपाशी थांबून बघत होती.

पाळी चिठ्ठी टाकून ठरेल. चिठ्ठीत आलेली पाळी कुणीही काढून घेणार नाही. कुणी चुकला तर आधी कारण सांगायचं आणि त्याला बोलू द्यायचं. मत हात वर करून. गप्प राहिलेला कुणाच्याच बाजूने धरायचा नाही. हे अध्यक्षालाही लागू.

शेवटच्या ओळीला रंग ओघळला, आणि अध्यक्ष ह्या शब्दाला दाढी आली. कुणीतरी मागून म्हणालं, "अगदी तसाच दिसतोय." हसू फुटलं. मला नाही आलं हसू.

सर आले. वाचलं. सगळं वाचलं, हे मी बघितलं, कारण त्यांचे डोळे ओळीच्या शेवटी जाऊन परत येत होते. मग म्हणाले, "शाळेची भिंत आहे ही."

"हो सर."

"चूक लिहिलंय असं मी म्हणत नाही. पण ही पद्धत नव्हे."

"मग पद्धत सांगा, सर. मी सरळ विचारलं, तुम्ही समजूतदारपणा म्हणालात. आईने सांगितलं, मी गोड बोलले. तिसरी कुठली आहे?"

मग त्यांनी टेबलावरून फडकं घेतलं, थिनरची बाटली घेतली, दोन्ही माझ्या हातात दिली. "पुसून टाक. आज संध्याकाळची मशीन मी स्वतः देतो तुला. मंडळाला मी सांगतो. जॉब पूर्ण कर, परीक्षा दे, विषय संपला. नाही पुसलंस तर मला प्राचार्यांकडे न्यावं लागेल, आणि ते काय करतील ते तुला माहीत आहे."

म्हणजे आता मध्ये पडत होते. काल नाही, आज. कारण काल गोष्ट माझ्या पाळीची होती आणि आज त्यांच्या भिंतीची.

फडकं ओलं झालं होतं, बोटांना गार लागत होतं. रंग ताजा होता. दोन हात फिरवले असते तर गेला असता. माझा दांडा रॅकमध्ये होता, शेवटची पायरी मी इतकी गुळगुळीत काढली होती की तिच्यात दिवा दिसायचा. मला तो पाहिजे होता. देवाशप्पथ पाहिजे होता.

"सर," मी म्हटलं, "हे मी पुसलं तर मशीन मला कोण देतंय? तुम्ही. उद्या तुमचा मूड गेला की?"

"मी साहेबासारखा नाही."

"नाही. तुम्ही चांगले आहात. पण पोरांनी काय रोज तुमचं तोंड बघून ठरवायचं?"

मी फडकं टेबलावर ठेवलं. बाटलीचं झाकण घट्ट लावलं, उडून जातं ते. प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा त्यांच्याकडेही तेच बोलले, जरा जास्त मोठ्याने. माफी लिहून दे म्हणाले. म्हटलं, बघा, तुम्हालासुद्धा लिहूनच पाहिजे. त्यावर त्यांनी मला माफी आणेपर्यंत घरी पाठवलं, आणि मी परत गेले नाही. प्रात्यक्षिक माझ्याशिवाय झालं.

हँडल शिवायला मी गेले नाही. शटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. दुकानांची गुंडाळायची शटरं, त्यांच्या स्प्रिंगा, पट्ट्या, ग्रीस. मालक शिव्या देतो, पण सगळ्यांना सारख्या देतो. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. जेव, झोप, दार लाव. तिचा राग तिच्या जागी बरोबर आहे, माझा माझ्या जागी. एका खोलीत दोघी मावतो कशाबशा.

गेल्या आठवड्यात चष्मा दुकानात आला. मी शिडीवर होते, स्प्रिंगेत हात घातलेला.

"भिंत रंगवली," तो खालून म्हणाला.

"रंगवू दे."

"पण रंगवायच्या आधी पोरांनी बैठक मागितली. पुढच्या जॉबच्या पाळ्यांना तू लिहिलेलंच घ्यायचं म्हणतायत. काल भांडण झालं, सर पण होते. सगळं मान्य झालं. फक्त साहेब म्हणतो, एक शब्द घाला."

"कुठला शब्द?"

"शक्यतो. चिठ्ठीत आलेली पाळी शक्यतो काढून घेणार नाही."

मी शिडीवरून उतरले. उतरले म्हणजे जवळजवळ पडलेच.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बरेचजण म्हणाले, ठीक आहे ना, एका शब्दाने काय होतंय."

"एका शब्दाने?" मालक आतून ओरडला, हळू बोल म्हणून. मी आणखी मोठ्याने बोलले. "अरे त्या एका शब्दातून तो जोडीदाराला घेऊन, डांगरी न चुरगळता, आरामात आत येईल! मग बाकीच्या ओळी काय चाटायच्या? काढायला लाव तो शब्द!"

"आज संध्याकाळी मत आहे. तू ये ना. तू बोललीस की ऐकतात."

"मला परत घेतलंय का?"

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "नाही. त्याच्याबद्दल कुणी काही बोललं नाही."

लागलं मला ते. लागायचंच. माझ्या ओळींवर भांडायला सगळे, माझ्या पाळीचं नाव काढायला कुणी नाही.

"मग तू बोल," मी म्हटलं.

"मी? मला जमत नाही भांडायला."

"भांडू नकोस. नुसतं विचार. शक्यतो म्हणजे कधी काढणार आणि कधी नाही, ते सांगा. कुणाची पाळी काढता येईल, कुणाची नाही, तेही लिहा त्याच्या पुढे. तो फिरवेल. परत विचार. तो हसवेल सगळ्यांना. परत विचार. तुझ्या खांद्यावर हात ठेवेल, तो काढ आणि परत विचार."

तो पुटपुटत पाठ करत होता, शाळेतल्यासारखा. मग निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला तर मला राहवेना, ग्रीसचे हात तसेच घेऊन रस्त्यात आले आणि ओरडले, "आणि निकाल लागल्याशिवाय उठू देऊ नकोस कुणाला! कळलं का?"

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. बघू देत. चष्म्याने मागे न बघता हात वर केला आणि तो शाळेच्या दिशेने चालू लागला, जरा भरभर.